दहाच्या काट्यावरचा दिवा

दोनशे बारा नंबरचं नाणं वच्छलानं तळहातावर घेतलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, आणि मग वहीतली ओळ पुन्हा वाचली. ‘तांबे. डावीकडे तोंड केलेली बाई. केस मागे बांधलेले. कानामागे काडी खोचलेली. हनुवटी जरा वर.’ हातातलं नाणं मात्र कोरं होतं. झिजलेल्या नाण्यावर निदान एखादं अर्धं अक्षर, ठिपक्यांची कड, काहीतरी शिल्लक असतं. हे दोन्ही बाजूंनी सपाट होतं, गुळगुळीत, उन्हात ठेवलेल्या पाटीसारखं किंचित कोमट. तिला वाटलं, पुड्या बदलल्या असतील. पुडीवर २१२ च होतं. तिनं दोनशे तेरा काढलं. वहीत लिहिलं होतं, ‘तीच बाई, खाली पाहणारी.’ नाणं कोरं. दोनशे चौदा, ‘बाई, पाठमोरी, ओले केस.’ कोरं. मार्चमधली दुपार होती. अमरावतीच्या कॅम्पातल्या त्या घरात पंखा फिरत होता, डोक्यावरची ट्यूबलाइट बारीक आवाजात गुणगुणत होती, आणि वच्छलाच्या मानेवर, जिथं ब्लाउजचा गळा संपतो तिथं, कुणीतरी मागं येऊन उभं राहिल्यासारखं गार वाटलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. सगळा दोष तिनं ट्यूबलाइटला दिला.

वच्छलाचे यजमान खुशालराव जाऊन पाच महिने झाले होते. मोजणी खात्यात ते साखळी आणि नकाशे घेऊन सगळं वऱ्हाड हिंडले होते. रिद्धपूरला कुणाला पाया खोदताना सापडलं, हिवरखेडला कुणाच्या नांगराला लागलं, की लोक नाणं मोजणीवाल्या साहेबांसाठी बाजूला काढून ठेवत. अशी दोनशे सत्तेचाळीस नाणी जमली. अकोल्यातल्या एका कॉलेजचं छोटं संग्रहालय होतं, तिथं ती द्यायची असं त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. तिथले इतिहासाचे प्राध्यापक नितेश वीस तारखेला न्यायला येणार होते, आणि त्याआधी प्रत्येक नाणं वहीशी ताडून ठेवणं एवढंच वच्छलाचं काम होतं. एकशे नव्व्याण्णवपर्यंत काही अडलं नाही. तिथपर्यंत अक्षर खुशालरावांचं होतं, तिरपं, घाईचं, सात-बारा उताऱ्यावर लिहितात तसं. दोनशेपासून अक्षर बदलत होतं. गोल, उभं, अनोळखी. कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल, एवढाच विचार तिनं पहिल्यांदा केला होता आणि पान उलटलं होतं. कुणाकडून, कशासाठी, हे प्रश्न तिला पडले नाहीत, कारण गेल्या चार वर्षांत त्या दोघांमध्ये प्रश्न विचारायची पद्धतच उरली नव्हती.

ते कधी सुरू झालं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. आचलच्या बाळंतपणाला ती तीन महिने पुण्याला राहिली आणि परत आली तेव्हा बडनेरा स्टेशनवर खुशालराव घ्यायला आले होते. घड्याळाखाली उभे होते. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती त्यांच्याकडे हसत चालत गेली, अगदी चार पावलांवर पोचली, आणि त्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि तिला ओलांडून पुढं निघून गेले. तिला मागून हाक मारावी लागली. “दिसली नाई व तू मले,” ते म्हणाले होते. गर्दी तर नव्हतीच. त्यानंतर घरात त्यांनी तिच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाही. ती काही बोलली की ते मान थोडी वळवायचे आणि तिच्या कानाकडे, खांद्याकडे, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत ऐकायचे. तीन महिने लेकीकडे राहिल्याची ही शिक्षा आहे, असं तिनं ठरवून टाकलं. एकदा ती बोललीही, “नाण्यायसोबतच लग्न करा लागत होतं तुमाले.” ते कॅलेंडरकडे पाहून हसले. मग तिनंही त्यांच्याकडे पाहणं सोडलं. ताट वाढताना ताटाकडे पाहायचं, औषध देताना गोळीकडे. माणसाकडे न पाहता संसार करता येतो, फारसं अडत नाही, हे तिला चार वर्षांत कळलं होतं.

राजकमल चौकातल्या दुकानातून तिनं पहिला दिवा आणला. पांढरा, दवाखान्यासारखा उजेड. त्याखाली खरी नाणीसुद्धा मेली. अक्षरांची उंची गेली, खोली गेली, सगळं एकाच पातळीवर येऊन नुसतं चमकायला लागलं. दुसरा दिवा गोल कड्याचा होता, मधून भिंग. तो लावला की प्रत्येक नाण्यावर कड्याचं पांढरं प्रतिबिंब पडायचं आणि मध्ये काळा ठिपका राहायचा. तिनं ताटलीत पंधरा-वीस नाणी मांडून तो लावला तेव्हा पंधरा-वीस बुबुळं एकदम तिच्याकडे पाहायला लागली. तिनं बटण बंद केलं आणि तो दिवा खोक्यासकट कपाटावर टाकला. तिसरा इतवाऱ्यातल्या एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाला, वाकवता येणारी मान, वर पत्र्याची टोपी, आत पिवळा बल्ब. तोही तिनं आधीच्यांसारखा डोक्यावरून लावला आणि काही दिसेना तेव्हा बंद करायला हात लांब केला. कोपर लागून दिव्याची मान खाली कोसळली, पार टेबलाला टेकायला आली, आणि उजेड नाण्यावरून आडवा सरपटत गेला. त्या उजेडात बाई होती. कपाळाची उतरण, नाकाची रेघ, दाबून धरलेले ओठ, हनुवटी जरा वर. वच्छलानं श्वास धरला. दोन सेकंद असतील, वीस असतील. मग श्वास सुटला, चिमटीतलं नाणं केसभर हललं आणि पुन्हा कोरं झालं.

एकतीस वर्षं तिनं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली होती. भीती वाटली तरी हात आपलं काम करत होता. पाठकोऱ्या कागदावर तिनं जे दिसलं ते उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दिवा खाली केला, पुन्हा नाणं धरलं. कधी दिसायची, कधी नाही. दिसली की प्रत्येक वेळी थोडी निराळी, पण तीच. आठवड्यात अकरा चित्रं झाली. अकराही चित्रांत तिनं बाईच्या कानामागं, केस सुरू होतात तिथं, पेन्सिलीचं टोक दाबून एक ठिपका काढला होता. हा ठिपका वहीत कुठं नव्हता. आपण तो का काढतो हे तिला सांगता येत नव्हतं. न काढला तर चित्र अपुरं दिसायचं, एवढंच. घरातले आवाज तिला आता वेगळे ऐकू यायला लागले होते. फ्रिज थरथरून थांबला की घर कान देऊन बसल्यासारखं वाटायचं. आचलला फोन केला तर ती म्हणाली, “आई, मोतीबिंदू असेल, दाखवून घे ना.” तिनं दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, या वयात इतके स्वच्छ कुणाचे नसतात. तिथून घरी येताना तिला रिक्षात घाम फुटला. डोळ्यांत बिघाड निघता तर बरं झालं असतं.

अकोल्याला जायचं तिनं त्याच रिक्षात ठरवलं. ताजनापेठेत कुर्बानभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, वर घर. जुन्या नाण्यांचीही थोडी देवघेव ते करत. खुशालरावांची त्यांच्याशी चाळीस वर्षांची दोस्ती, आणि शेवटची काही वर्षं तर दर गुरुवारी ते अकोल्याला जायचेच. वच्छला मात्र तिथं कधी गेली नव्हती. मयतीला कुर्बानभाई आले होते, तेवढीच ओळख. सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूर ओलांडून ती साडेदहाला पोचली. म्हातारा काउंटरमागं डोळ्याला भिंग लावून बसला होता. तिला पाहून उठला, वर हाक मारून बायकोला, रजियाबींना, चहा टाकायला सांगितला. तिनं पिशवीतून २१२ ची पुडी काढून काउंटरवर ठेवली आणि फक्त एवढंच विचारलं, की नाणं पाहायला दिवा कसा पाहिजे.

“कुठी ठेवता दिवा तुमी?”

“डोक्यावर.”

“थेच तं चुकते, भाभी.” त्यांनी समोर एक रिकामी घड्याळाची तबकडी ठेवली. “हे नाणं समजा. तुमी बसले साहाच्या काट्यापाशी. दिवा ठेवाचा दहाच्या काट्यावर, आन् एकदम खाली. उजेड वरतून पडला नाई पाह्यजे, कुशीतून आला पाह्यजे. बल्ब पिवया. आन् दिवा हालवाचा नाई, नाणं फिरवाचं, हयूहयू. मंग जे दडून बसलं असन थे सावली टाकते.” बोलता बोलता त्यांनी पुडी उघडली. नाणं पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. “पन याच्यावर काई नाई, भाभी. हे कोरंच हाये. मीच देल्लं त्यायले. असे छत्तीस देल्ले.”

“कोरे? कावून?”

कुर्बानभाईंनी भिंग काढून ठेवलं. चहा आला होता, तो त्यांनी तिच्याकडे सरकवला. “हात फिरवाले,” ते शेवटी म्हणाले. “त्याइचे डोये गेल्ते, भाभी. चार वर्स झाले. मधातलं दिसनंच गेलं होतं, कडंकडंनं दिसे. इथल्या डॉक्टरकडं मीच घेऊन जात होतो. सुई देल्ली, काई फरक नाई. मी म्हनलं, भाभीले सांगा. म्हने, कसम हाये तुले.”

वच्छलाला दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू आली. इतका वेळ ती वाजतच असणार. “मी तं घरातच होती,” ती म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “मले कसं नाई समजलं?”

“त्याले मी काय सांगू,” म्हातारा खाली पाहत म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावरून पावलं आली. कुर्बानभाईंची सून शाइस्ता, इथल्याच एका शाळेत शिकवणारी, शाळेला निघाली होती, खांद्याला पर्स, हातात डबा. ती शेवटच्या पायरीवर थबकली. वच्छलाकडे ती इतका वेळ पाहत राहिली की सासऱ्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

“वच्छलाकाकू,” ती म्हणाली.

“तू मले वयखते? फोटो पाह्यला का कुठी?”

“फोटो नाही पाहिला.” शाइस्तानं डबा काउंटरवर ठेवला. “वही मीच लिहिली आहे ना, काकू. दोनशेच्या पुढची. काका इथं बसायचे, नाणं बोटात फिरवायचे आणि सांगायचे, मी लिहायची. मी म्हटलं होतं, काका, ह्यावर काहीच नाहीये. ते म्हणाले, तू लिही. इतके बारकावे सांगायचे की शेवटी शेवटी मलाच ती बाई दिसायला लागली.” तिनं वच्छलाच्या डाव्या कानाकडे पाहिलं आणि जरा हसली. “ते पेन्सिलच म्हणायचे. मला वाटलं, जुन्या नाण्यावर पेन्सिल कशी असेल, म्हणून मी काडी लिहिलं.”

वच्छलाचा हात आपोआप कानाकडे गेला. पेन्सिल तिथं होती. सकाळी निघताना चित्रांवर तारखा टाकल्या होत्या, तेव्हापासून ती तिथंच राहिली होती, आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एसटीत कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं पिशवीतून चित्रं काढली. शाइस्तानं पहिलंच हातात घेतलं आणि तिचा चेहरा बदलला. “हा तीळ,” ती हळू म्हणाली. “हा मी वहीत लिहिलाच नव्हता. ते सांगत होते, तेव्हा पेनातली शाई संपली, मग राहूनच गेलं. तुम्हाला कसा कळला?”

“कसला तीळ?”

शाइस्तानं चित्र खाली ठेवलं. ती पुढं आली, परवानगी विचारल्यासारखी एक क्षण थांबली, आणि वच्छलाच्या डाव्या कानामागं, केस सुरू होतात तिथं, बोटाचं टोक टेकवलं. बोट थंड होतं. “हा,” ती म्हणाली. त्रेसष्ट वर्षांत ती जागा वच्छलानं पाहिली नव्हती. पाहणार तरी कशी? कुणी सांगितलंही नव्हतं. तिनं मात्र ती अकरा वेळा काढली होती.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. काळ्या रानात कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग रचले होते, ते मागं जात होते. चार वर्षं तिच्या अंगावर आता उलट्या बाजूनं येत होती. बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर तिच्या चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग चालत आला असणार. गुडघे दुखतात म्हणून स्कूटर विकली ती गुडघ्यांसाठी नव्हतीच. “वाच व जोरात, मले कंटाया आला,” म्हणून रोज सकाळी पेपर तिच्यापुढं सरकवायचे. मीठ-तिखटाच्या बरण्या तिनं एकदा जागा बदलून ठेवल्या तेव्हा त्यांनी केवढा तमाशा केला होता. आणि ते कॅलेंडर. मधलं सगळं गेलेल्या माणसाला कडेकडेनं दिसतं, म्हणजे ज्याला पाहायचं त्याच्यावरून नजर थोडी बाजूला न्यावी लागते. ते कॅलेंडरकडे तोंड करायचे तेव्हाच तिला पाहत असायचे. इतकं सरळ होतं हे. ती ताटाकडे, गोळीकडे, केरसुणीकडे पाहत होती तेव्हा कुणीतरी सतत, आळीपाळीनं डोळ्याच्या एका नाहीतर दुसऱ्या कडेनं, तिला पाहत होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती भीती, त्या पहिल्या दुपारसारखीच, मानेवरची. चार वर्षं आपण एकटे आहोत असं समजून ती त्या घरात वावरली होती. तिच्या तोंडावर त्या वेळी काय काय होतं, कुणास ठाऊक. निघताना दुकानाच्या दाराशी कुर्बानभाई म्हणाले होते, “मी खूप सांगतलं, भाभी. त्याइचं एकच. म्हने, तिले समजलं तं थे दिवसभर मायाच तोंडाकडं पाहीन, दया करीन. आता थे आपल्या कामात असते, तवा मी तिले पाहून घेतो.”

वीस तारखेला नितेश आले. तिशीतले, नम्र, स्वतःचं भिंग आणि वजनकाटा घेऊन आलेले. टेबलाशी बसले आणि लगेच म्हणाले, “काकू, खिडकीचा उजेड फार येतोय. दिवा चांगला आहे, पण दोन उजेड भांडतात. अंधारी जागा आहे का एखादी?” घरात अंधारी जागा एकच होती, झोपायच्या खोलीपासून पुढच्या खोलीपर्यंतचा पॅसेज. एका अंगाला तिथनंच स्वयंपाकघराचं दार होतं. तिथला बल्ब कधीचा गेलेला होता. तिनं एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणला, स्टूल ठेवलं, दिवा भिंतीला लागून दहाच्या काट्यावर बसवला, पार खाली. नितेशनी पेपरांचे गठ्ठे हातावेगळे करावेत तशी नाणी पाहिली. एलिचपूरच्या टांकसाळीचा एक पैसा पाहून ते हरखले. छत्तीस कोऱ्या चकत्यांपाशी आले तेव्हा त्यांनी पाच-सहा फिरवून पाहिल्या आणि ओशाळल्यासारखे झाले.

“काकू, ह्यांच्यावर काहीच नाहीये हो. आणि वहीत तर… ही पानं आम्हाला ठेवता येणार नाहीत. काढावी लागतील.”

“काढा,” वच्छला म्हणाली. तिनं स्वतःच ब्लेड आणून दिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिचं लक्ष त्यांच्या मागच्या भिंतीकडे होतं.

दिव्याचा उजेड भिंतीवरून सरपटत पॅसेजच्या टोकापर्यंत गेला होता. फिकट हिरव्या डिस्टेंपरवर, कमरेच्या जरा वर, एक पट्टा चमकत होता. चार बोटं रुंद. एरवी तो कधीच दिसला नसता. समोरून पाहिलं तर भिंत भिंतीसारखी होती. नितेश खोकं घेऊन, पाया पडून गेले. फाटक लागल्याचा आवाज आला. दुपारचे बारा वाजले असतील. वच्छला परत आत आली, तिनं दिवा उचलला आणि भिंतीशी चिकटवून धरून ती त्या पट्ट्याबरोबर चालायला लागली.

तो झोपायच्या खोलीच्या चौकटीपासून निघत होता. तिथं बोटांचे ठसे एकावर एक पडून भिंतीचा रंग पार उडाला होता आणि आतला चुना हात लागून लागून तुळतुळीत झाला होता. पुढं पट्टा सरळ चालला होता, मोजणीवाल्याच्या रेघेसारखा, कुठं वर नाही, खाली नाही. बटणापाशी बाजूनं वळसा घालून गेलेला. मोरीकडे एक फाटा फुटत होता, बारीक. टेबलाकडे एक जात होता, तो जरा जाड. तिला वाटलं होतं की सगळ्यांत जाड तोच असणार. तसं नव्हतं. पट्टा टेबलाच्या फाट्यापाशी न थांबता पुढं गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन एकदम संपला. तिथं, चौकटीला लागून, खांद्याच्या उंचीवर, भिंतीवर पंजापेक्षा मोठा एक डाग होता. तेलकट, काळसर, मध्ये आरशासारखा चकचकीत. त्याच्या खाली फरशीवर दोन जागा झिजलेल्या दिसत होत्या, शेजारी शेजारी, पावलांच्या.

ती कितीतरी वेळ तशीच दिवा धरून होती. पत्र्याची टोपी तापून बोटांना चटका बसायला लागला तेव्हा तिनं दिवा खाली फरशीवर ठेवला. मग ती वळली, त्या दोन जागांवर तिनं आपली पावलं ठेवली आणि खांदा भिंतीला टेकवला. भिंत तिथं गार नव्हती. तिथून ओटा दिसत होता, कोपऱ्यातला माठ, खिडकीचे गज, आणि गॅससमोरची रिकामी जागा. ती त्या जागेकडे पाहत राहिली. नीट दिसेना. म्हणून तिनं मान थोडी वळवली, नजर जरा बाजूला नेली, आणि वाट पाहायला लागली.